भाचीची गोधडी

एका सहावारी साडीत तान्ह्या मुलाच्या गोधडीचे पाच थर निघतात. साडी साडेपाच मीटर लांब, पन्ना मीटरच्या थोडा वर. लांबीच्या पाच घड्या घातल्या की मीटरभर चौरसाचे पाच तुकडे एकावर एक बसतात. हे गणित कागदावर जमल्याचा मला इतका आनंद झाला की पाचही थर घालायचे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्याखाली आईच्या दुसऱ्या साडीचे दोन, आणि सगळ्यांत वर रंगीत तुकड्यांचा एक. ताईला मुलगी झाली होती. बाळंतविडा आमच्याकडून जायचा होता. त्यातली झबली, टोपडी, कुंची आई विकत आणणार होती, पण गोधडी मात्र मामा हातानं शिवणार, असं मी सगळ्यांदेखत बोलून बसलो होतो.

शिवणकामातलं माझं भांडवल म्हणजे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालावर घातलेला धावदोरा. गोधडीत धावदोऱ्याखेरीज दुसरा टाका नसतो, त्यामुळे हे भांडवल पुरेल असं मला वाटलं. रुमाल एकपदरी असतो, एवढाच काय तो फरक.

आठ थरांतून सुई जात नाही असं नाही. जाते, पण तिरकी जाते. वरच्या बाजूनं टाके नीट ओळीत दिसत होते. दोन हात काम झाल्यावर कापड उलटून पाहिलं, तर खालच्या थराला निम्मे टाके लागलेलेच नव्हते, आणि जे लागले होते ते वेडेवाकडे, कुठे निम्म्या बोटाएवढे लांब. यावर मला उपाय सुचला तो दाभणाचा. दाभणानं पोती शिवतात. वीस वर्षं धुतलेल्या साडीचं सूत मुळातच विरलेलं. दाभण गेला की भोक, आणि दोरा ओढला की भोकाची चीर.

मग आत्याला फोन केला. आत्या तासगावाकडे राहते आणि तिच्या हातच्या वाकळा आमच्या भावकीत सगळ्यांच्या घरी आहेत. ती गोधडीला वाकळच म्हणते.

"किती पदर घातलायस?"

"आठ."

"तान्ह्या पोरीला वाकळ शिवतोयस का बैलाला झूल?"

तिच्या मते लहान मुलाला तीन पदर पुष्कळ झाले: वर एक, खाली एक आणि पोटात एक. सुई बारीक आणि लांब घ्यायची. दोरा हातभरच तोडायचा. मी अंगभर लांब दोरा घेत होतो, सारखा ओवायचा कंटाळा म्हणून. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून पुन्हा पुन्हा घासत जातो, पिंजतो, त्याला पीळ बसतो आणि गाठ पडते. ओवण्यात वाचलेला वेळ गाठी सोडवण्यात दुप्पट जातो. ती दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेते. तसं केलं की तो कमी पिंजतो आणि जुन्या कापडातून सुळकन निघतो. दुकानातून मी पॉलिएस्टरचा चकचकीत दोरा आणला होता, मजबूत म्हणून. तो तिनं फोनवरच बाद केला. कापडापेक्षा दोरा दणकट असला की ताण पडल्यावर दोरा टिकतो आणि कापड कापलं जातं. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. सुती दोराच आणावा लागला.

थर कमी करण्यामागे आणखी एक कारण निघालं, आणि ते आत्याच्या नव्हे, ताईच्या बालरोगतज्ज्ञांच्या तोंडून. वर्षाच्या आतल्या मुलाला झोपताना अंगावर सुटं पांघरूण घालू नये, तोंडाजवळ काही मऊ ठेवू नये, उताणं आणि सपाट, घट्ट गादीवर झोपवावं, असं त्यांनी तिला बजावलं होतं. मऊ जाड कापड नाकातोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. म्हणजे मी जी गोधडी पांघरायला म्हणून शिवत होतो ती पहिलं वर्षभर पांघरायची नव्हतीच. जागेपणी जमिनीवर अंथरायची, त्यावर बाळाला पालथं घालायचं, मालिशीनंतर ठेवायचं, एवढाच तिचा उपयोग. आत्याला हे पटलं नाही. आम्ही काय वाकळंत वाढलो नाही व्हय, असं म्हणाली. या एका बाबतीत मी डॉक्टरांचं ऐकलं. आणि अंथरायची गोधडी रोज ओली होणार, रोज धुवावी लागणार, पावसाळ्यात सदनिकेच्या गॅलरीत वाळणार, हे लक्षात घेतल्यावर आठ थरांचा प्रश्नच उरला नाही. आठ थर पुण्यातल्या जुलैत चार दिवसांतही वाळले नसते, वास मात्र नक्की आला असता.

पहिलं कापड बाजूला ठेवून नव्यानं मांडणी केली. वर तुकडे, मधे आईची सुती साडी, आणि खाली, सगळ्या साड्या विटक्या दिसतात म्हणून, दुकानातून आणलेला कोरा पांढरा मांजरपाट. बाळाच्या गोधडीला एक तरी बाजू स्वच्छ पांढरी असावी, असं माझं मत. ते किती महागात पडलं ते पुढे सांगतो.

तुकड्यांसाठी आमच्या शिंप्यानं चिंध्यांची एक पिशवी दिली. ब्लाउजपिसांची टोकं, शर्टांचे उरलेले कापे, खणाचे तुकडे. हाताला सगळंच मऊ लागत होतं. आत्यानं विचारलं, "जाळून बघितलंस का?" प्रत्येक तुकड्यातला एकेक धागा काढून चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, मागं राखाडी राख उरते, ती बोटात चुरडते. टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. पिशवीतला निम्म्याहून जास्त माल मण्यांचा निघाला. ते कापड घाम आणि पाणी शोषत नाही, बाळाच्या अंगाखाली नको. जरीचे काठही काढून टाकले. दिसायला सुंदर, पण जरीचं टोक उसवलं की टोचतं. पैठणीचा एक काठ मला फार मोहात पाडत होता. तो मी स्वतःच्या गालावर घासून पाहिला आणि मोह संपला.

उरलेले तुकडे मी आईच्या मशीनवर जोडून एक सलग चौकटींची चादर करून घेतली. चौकटी सारख्या, कोपऱ्याला कोपरा जुळलेला. आई म्हणाली, "आता बाकीचंही मशीनवर मार आणि मोकळा हो." मी ऐकलं नाही, कारण हातानं शिवायची असं बोललो होतो. पण खरी चूक त्या सलग चादरीतच होती, आणि ती कळायला वेळ लागला.

गोधडी कुठून शिवायला घ्यायची यावर दोन पंथ आहेत. मोबाइलवर जे व्हिडिओ मी पाहिले होते त्यात परदेशी बायका मधून सुरुवात करून कडेकडे जात होत्या. आत्या म्हणाली, "कडंनं सुरुवात कर. कड आधी धर, मग आत आत ये." मी मधून सुरू केलं. कड गाठेपर्यंत तिन्ही थर एकमेकांवरून सरकून गेले होते. एका बाजूला मांजरपाट चार बोटं बाहेर, दुसऱ्या बाजूला साडी. व्हिडिओतल्या बायका आधी सगळ्या कापडावर मोठमोठे कच्चे टाके घालून थर जखडून घेत होत्या. तेवढा भाग मी पुढे सरकवून पाहिला होता. सगळं उसवलं.

मग आत्याच्या पद्धतीनं कडेनं घेतलं. दोन बोटं कड आत दुमडली, चारी बाजूंनी धावदोरा घातला, मग बोटभर आत दुसरा फेरा, मग तिसरा. अर्ध्या वाटेवर आलो आणि मधोमध कापडाचा हा मोठा फुगा. दाबला की बाजूला उठे, तिथं दाबला की परत मधे.

त्या फुग्यावर मी बराच विचार केला, कारण पुन्हा उसवायची माझी तयारी नव्हती. कारण साधं आहे. सुई कापडात घुसताना वरचा थर किंचित पुढे ढकलते. एका टाक्याला केसाएवढं, पण फेऱ्यात शेकडो टाके. हे ढकललेलं कापड कुठं तरी जाणारच. मधून कडेला शिवलं तर ते कडेबाहेर निघतं आणि कातरता येतं. कडेनं मधे शिवलं तर ते कोंडलं जातं आणि फुगतं.

मग आत्याच्या वाकळांना फुगा का येत नाही? हे विचारल्यावर ती म्हणाली, "तुकडं आधी जोडल्यात व्हय तू?" तिच्या वाकळेत वरची सलग चादर नसतेच. खालचे पदर जमिनीवर पसरायचे, कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, धान्याचे डबे ठेवून ताणून घ्यायचे, आणि तुकडे शिवता शिवता एकेक करून ठेवत जायचे. प्रत्येक तुकड्याची कड आत मुडपायची, शेजारच्या तुकड्यावर थोडी चढवायची आणि त्याच धावदोऱ्यात पकडायची. जिथं कापड सैल झालंय तिथं पुढच्या तुकड्याची मुडप जरा जास्त घ्यायची. म्हणजे फुगा व्हायच्या आधीच तो मुडपीत जिरतो. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजातल्या बायका ज्या कवंदी, म्हणजे तिकडच्या गोधड्या, शिवतात त्याही अशाच, एका कोपऱ्यापासून सुरू करून तुकडे मांडत, फिरत फिरत आत येतात. वाकळेतले तुकडे वेडेवाकडे, लहानमोठे का असतात याचं उत्तर मी तोवर गरिबी असं देत होतो. जे हाताला लागलं ते लावलं, ही गोष्ट खरीच आहे. पण तुकड्यांच्या त्या मोकळेपणामुळे शिवणाऱ्याच्या हातात दर वितीला दुरुस्तीची एक संधी राहते, हे माझ्या सारख्या चौकटींनी मला दाखवून दिलं. मी ती संधी मशीनवर आधीच शिवून बंद केली होती.

सलग चादर मधोमध कातरली. जीवावर आलं, पण कातरली. मधल्या चौकटी सोडवल्या, फुगा कडांकडून हातानं सारत आणला आणि सुटे तुकडे मुडपून, आत्यानं सांगितलं तसे बसवत गेलो. गोधडीच्या मधोमध त्यामुळे एक अडनिडी चांदणी तयार झाली आहे. बघणारे ती मुद्दाम केलेली नक्षी समजतात. मी दुरुस्त करायला जात नाही.

शिवून झाली तेव्हा खरंच देखणी दिसत होती. फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. बारशाला न्यायच्या आधी एकदा धुऊन घ्यावी म्हणून बादलीत घातली आणि दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली, पाणी लाल झालं. शिंप्याच्या पिशवीतल्या खणाच्या एका तुकड्यानं रंग सोडला आणि माझ्या स्वच्छ पांढऱ्या बाजूवर आणि वरच्या फिकट तुकड्यांवरही गुलाबी ढग उठले. अशा वेळी कापड वाळू द्यायचं नाही आणि इस्त्री तर अजिबात करायची नाही. वाळला की रंग पक्का बसतो. ओलं असतानाच भरपूर थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळत राहायचं. हे मला त्या वेळी शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून ढग फिके तरी झाले. आधी करायचं ते इतकंच होतं: प्रत्येक रंगीत तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून ठेवायचा, डाग उठला तर तो तुकडा बाद. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं बरेच जण सांगतात. माझ्या खणावर त्यानं काहीही फरक पडला नाही.

दुसरी गोष्ट वाळल्यावर दिसली. खालची बाजू आक्रसली होती आणि वरची तशीच होती, त्यामुळे गोधडीच्या चारी कडा खाली वळून तिची पालथी परात झाली होती. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, आणि पहिल्या धुण्यात तो मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज आटतो. जुन्या साड्या आटायच्या तेवढ्या कधीच्याच आटून बसलेल्या. आत्या फोनवर हसली नाही, हे मी तिचे उपकार समजतो. एवढंच म्हणाली, "नवं कापड आटतंय रं. म्हणून तर जुनं घ्यायचं." जुन्या कापडाचा मऊपणा, त्यातली माया, यावर मी पुष्कळ ऐकलं होतं. आटण्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. नवंच वापरायचं असेल तर आधी रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मग कातरायचं. जमलं तर दोनदा.

मांजरपाट उसवून काढला. त्याजागी आईची एक फिकट निळी सुती साडी लावली. पुन्हा सगळे फेरे घातले, आणि इथं माझा धीर संपला होता, हे पुढच्या चुकीचं कारण. बारसं जवळ आलं होतं म्हणून मी टाके लांबवले. वर ठीक दिसत होते, मागे मात्र पेराएवढे लांब. बारशाला गोधडी गेली, कौतुक झालं, मावशीनं ती उलटून पाहिली आणि काही बोलली नाही. तिचा तो चेहरा मला नंतर आठवला.

काही आठवड्यांनी ताईचा फोन आला. पोर गोधडीवर पाय झाडत होती आणि पायाचं बोट मागच्या लांब टाक्यात अडकलं होतं. गोधडी उलटी अंथरली गेली होती. ताईनं लगेच पाहिलं, दोरा कापला, बोट नुसतं लाल झालं होतं. पण तान्ह्या मुलांच्या बोटांना केस किंवा दोरा गुंडाळला जाऊन रक्त थांबण्याचे प्रकार होतात आणि ते चटकन ध्यानात येत नाहीत, हे डॉक्टरांनी तिला नंतर सांगितलं, तेव्हा मला घाम फुटला. ताई म्हणाली, "अरे, टाके बारीक घाल, नाही तर ही मी भिंतीवर टांगते."

गोधडी परत आली. आत्याचं माप आधीच सांगून झालेलं होतं, निम्म्या नखाएवढा टाका आणि दोन ओळींत बोटभर अंतर. ते दिसण्यासाठी असेल असं मी धरून चाललो होतो.

तोवर मी इतकं उसवलं होतं की उसवण्याचीही किंमत कळली होती. जुन्या कापडातून दोरा काढला की भोकं राहतात, तिथंच पुन्हा शिवलं की भोकं एकमेकांना मिळतात आणि कापड ओळीत फाटतं. म्हणून या खेपेला आधी गोधडी पसरून सगळे दोष बघितले आणि ठरवलं: जे पोरीच्या अंगाला लागू शकतं तेवढंच हलवायचं. गुलाबी डाग राहिले. तिरक्या ओळी राहिल्या. एका कोपऱ्यात तुकडा उलटा लागला आहे, कापडाची फिकी बाजू वर, तो राहिला. मागचे लांब टाके आणि बाहेर आलेल्या गाठी मात्र जायला हव्या होत्या. गाठी थरांच्या मधे ओढून घेतल्या: सुई वरच्या थरातून आत घालायची, बोटभर दूर बाहेर काढायची आणि दोऱ्याला हलका झटका द्यायचा, गाठ आत जाते. लांब टाके न उसवता प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक आडवा टाका घेऊन तो कापडाला बांधून टाकला, आणि दोन ओळींच्या मधून आणखी एकेक ओळ बारीक टाक्यांची घातली. दिसायला गर्दी झाली. पण करंगळीचं नख कुठं अडकत नाही ना, हे सगळीकडे फिरवून पाहिलं. त्या दाट टाक्यांनी एक फायदाही झाला, गोधडी अंगानं भरली आणि जमिनीवर सरकायची कमी झाली.

ताईच्या घरी ती आता रोज वापरात आहे. भाची रांगायला लागली तसा एका कोपऱ्यावरचा तुकडा विरला, कारण गोधडी ओढत न्यायचा तिचा ठरलेला कोपरा तोच आहे. मी तो उसवून बदलणार होतो. आत्यानं अडवलं. विरलेलं काढायचं नाही, त्यावर नवा तुकडा ठेवून कडा मुडपायच्या आणि जुन्याच ओळींच्या शेजारून धावदोरा घालायचा. जुनं कापड आत भरण म्हणून राहतं. तिच्या घरच्या काही वाकळा अशा वरून वरून चढत इतक्या जाड झाल्यात की एका माणसानं पिळताना दमायला होतं.

ताईला आता दुसरी, मोठी गोधडी हवी आहे, मुलगी पलंगावर झोपायला लागेल तेव्हासाठी. आत्या म्हणते, दुसरी कशाला, हिलाच चारी बाजूंनी पट्ट्या जोडून वाढव. ताईला गुलाबी डाग असलेली गोधडी पलंगावर नको. दोघींचं अजून ठरत नाही. मी तोवर आईच्या साड्यांचे काठ सोडवून ठेवतोय, आणि त्यातल्या एका जांभळ्या साडीचा रंग जातो हे आजच कळलं.